गोधडी : कर्तृनाम नसलेले एक हस्तकौशल्य

मराठीत कारागिरांच्या नावांची उणीव नाही. कापूस पिंजून गादी व रजई भरणारा तो पिंजारी, कापड विणणारा तो कोष्टी किंवा साळी, ते रंगविणारा तो रंगारी आणि बेतून शिवणारा तो शिंपी. कपाशीच्या बोंडापासून अंगावरच्या वस्त्रापर्यंत जवळजवळ प्रत्येक पायरीवर भाषेने एकेका कारागिराला नाव दिले आहे. या मालिकेतील शेवटची पायरी मात्र निनावी राहिली आहे. वस्त्र जीर्ण झाल्यावर त्याचे तुकडे निवडून, थरावर थर रचून आणि ते धावदोऱ्याने एकजीव करून त्याचे पांघरूण सिद्ध करणारी जी स्त्री, तिला मराठीत स्वतंत्र नाम नाही. तिने केलेल्या वस्तूला नावे अनेक आहेत. करणारीला एकही नाही.

हा अभाव केवळ योगायोगाचा नाही. गोधडीचे शिवणे घराघरांतून कसे चालत आले, ते कोण कोणाकडून शिकले आणि आज ते खंडित होण्याचा संभव का निर्माण झाला आहे, या सर्व प्रश्नांवर या अभावामुळे प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात गोधडीविषयक शब्दव्यवहाराच्या आधारे या हस्तकौशल्याच्या स्वरूपाचा व संक्रमणाचा विचार केला आहे.

१. वस्तूची नावे

या वर्गातील पांघरुणांना व अंथरुणांना मराठीत जी नावे आहेत त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट थरांच्या संख्येवरून पडलेल्या नावांचा. चार पदरांची ती चौघडी. दुहेरी कापडाचे ते दुपटे, जे आज मुख्यतः तान्ह्या मुलाच्या संदर्भात वापरले जाते. जाड, दुपदरी वस्त्राला पासोडी म्हणतात. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा शब्द अंबाजोगाईच्या दासोपंतांमुळे (१५५१–१६१५) परिचित आहे. त्यांनी ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पासोडीवर लिहिला. दुसरा गट भरणाचा. लेप, दुलई, रजई यांत दोन कापडांच्या मध्ये पिंजलेला कापूस असतो. तिसरा गट जुन्या कापडांच्या जोडणीचा. गोधडी आणि वाकळ हे त्यातील प्रमुख शब्द होत. या गटातील पांघरुणात कापूस नसतो. कापडाच्या पोटात कापडच असते.

गोधडी हा शब्द मराठीपुरता मर्यादित नाही. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी ही त्याची भावंडे आहेत. मराठीत त्याचे गोधडे हे नपुंसकलिंगी रूपही आढळते. घोंगडे–घोंगडी, टोपले–टोपली या जोड्यांप्रमाणे येथेही नपुंसकलिंगी रूपाने मोठी किंवा ओबडधोबड वस्तू सूचित होते आणि स्त्रीलिंगी रूपाने आटोपशीर, जवळिकीची. याच क्षेत्रातला संस्कृत शब्द म्हणजे कन्था. बंगालीतील काँथा आणि हिंदीतील कथरी हे शब्द त्याच्याशी निगडित आहेत. मराठीत कंथा हा शब्द आला तो मात्र विरक्तांच्या वेषाचा वाचक म्हणून. घरातल्या पांघरुणाला तो सहसा लावला जात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जी वस्तू पांघरली जाते तिच्यावरून पांघरणाऱ्याला नाव पडले आहे. कंथा धारण करणारा तो कंथाधारी. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक गोधडे महाराज म्हणत. हिंदीतील ‘गुदडी का लाल’ या वाक्प्रचारातही गौरव आहे तो गुदडीत सापडणाऱ्या रत्नाचा; ती गुदडी ज्या हातांनी शिवली त्या हातांची तेथे विचारपूस नाही.

२. रचना

गोधडीची रचना वरवर पाहता साधी दिसते. तिच्यामागील विचार साधा नाही. मुख्य साहित्य म्हणजे जुने सुती लुगडे. नऊवारी लुगड्याची लांबी भरपूर असते आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्याचे सूत मऊ झालेले असते. नवे कापड या कामी तितके उपयोगाचे नाही, कारण त्यात खळ असते व ते पुढे आटते. लुगड्याच्या जोडीला धोतरे, पैरणी, चोळ्यांचे खण, मुलांची झबली हे सारे येते. धड असलेला भाग वर व खाली लागतो, विरलेला भाग पोटात जातो. म्हणजे प्रत्येक तुकड्याची परीक्षा करून त्याचे स्थान ठरवावे लागते. ही निवड हेच या कामातील पहिले कौशल्य होय.

काम बहुधा उन्हाळ्यात निघते. सुगी उरकलेली असते, पेरणीला अवकाश असतो आणि कापड वाळवायला ऊन असते. सारवलेल्या ओसरीवर किंवा अंगणात खालचे लुगडे ताणून पसरतात. कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर थर रचले जातात. वरचे कापड घातल्यावर लांब लांब कच्चे टाके घालून सारे थर तात्पुरते बांधून घेतात. मग खरा धावदोरा सुरू होतो. काही ठिकाणी ओळी आडव्या व समांतर जातात. काही ठिकाणी काठापासून मध्याकडे चौकोनात चौकोन घेत जातात. दोन्ही पद्धतींत अडचण एकच. सुई पुढे सरकते तसे सैल कापडही तिच्यापुढे ढकलले जाते आणि त्याच्या चुण्या साचतात. डाव्या हाताच्या तळव्याने कापड सतत चापून, सुईच्या पुढची सैलाई पसरवीत राहणे हा त्यावरचा उपाय होय. हा उपाय शब्दांत सांगता येतो, परंतु शब्दांवरून साधत नाही.

ओळी जितक्या जवळ तितकी गोधडी टिकाऊ. याचे कारण स्पष्ट आहे. विरलेल्या कापडात स्वतःचे बळ थोडे असते. दाट टाक्यांमुळे ओढ एका धाग्यावर न पडता अनेक थरांत वाटली जाते. एखादा तुकडा फाटला तरी फाट पुढच्या ओळीपाशी अडते. वरचा थर झिजला की त्यावर नवे कापड घालून पुन्हा दोरा घालतात. त्यामुळे पुष्कळदा जुन्या गोधडीच्या पोटात तिच्याहून जुनी गोधडी असते. घरातील लग्ने, बाळंतपणे, सुतके यांची वस्त्रे अशा रीतीने एकावर एक बसत जातात. उत्खननातील थरांप्रमाणे ती वाचता येतात. मात्र तुकडा कोणाचा हे सांगणारे माणूस जवळ असावे लागते.

ठिगळ आणि तुकडा यांतील भेदही लक्षणीय आहे. ठिगळ छिद्रावर लागते. ते उणीव झाकते. ‘आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावणार’ ही म्हण या उणिवेच्याच जाणिवेतून आली आहे. गोधडीतील तुकडा काही झाकण्यासाठी नसतो. तो मांडणीचा घटक असतो. वाक्यात शब्दाला स्थान असते, त्या अर्थाने गोधडीत तुकड्याला स्थान असते. परंतु बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. गोधडी दारिद्र्याचे चिन्ह ठरली त्यास ही दृष्टी बऱ्याच अंशी कारण आहे.

३. शिकणे आणि शिकविणे

गोधडी शिवण्याचे शिक्षण कोणी देत नाही आणि तरीही ते पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. त्याचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुलीचे पहिले काम सुईत दोरा ओवून देणे. वृद्ध स्त्रीला नेढे दिसत नाही. तिचा हात मात्र ओळ चुकत नाही. दृष्टी नातीची आणि हात आजीचा, अशी ही वाटणी असते. दुसरे काम मागितलेला तुकडा हाती देणे. त्यात कापडाचा पोत व बळ ओळखण्याची सवय लागते. पुढे मधल्या भागात, जेथे टाका वाकडा गेला तरी फारसे बिघडत नाही, तेथे सुई हाती मिळते. काठ व कोपरे त्यानंतर. तुकड्यांची मांडणी सर्वांत शेवटी. तिचा अधिकार घरातल्या जाणत्या स्त्रीकडे असतो.

भाषा शिकण्याचा क्रमही काहीसा असाच असतो. मूल बोलण्यापूर्वी समजू लागते. वाक्य रचण्यापूर्वी वाक्याच्या योग्य जागी प्रतिसाद देऊ लागते. नियम त्याला कोणी सांगत नाही. बोलणाऱ्यांच्या सहवासात तो आपोआप अंगी बाणतो. गोधडीचे ज्ञानही अशाच सहवासाचे फळ आहे. येथे सहवास हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. मोठ्या गोधडीच्या चारी बाजूंना चौघी बसतात आणि एकाच कापडावर काम करतात. शेजारणीची ओळ आपल्या ओळीला येऊन मिळणार असल्याने तिचा टाका आपल्या टाक्याशी जुळावाच लागतो. कौशल्य दुसऱ्याला देणे ही येथे शिवण्यानंतरची वेगळी क्रिया नाही. ती शिवण्यातच अंतर्भूत आहे.

या कामाचा आणखी एक विशेष म्हणजे त्याची आयुष्यभराची सोबत. शेतातले काम वयाबरोबर सुटते, जाते-मुसळ सुटते. गोधडी सुटत नाही. निवडक तुकड्यांचे बोचके वर्षानुवर्षे जपून ठेवणारी, नातवाची चाहूल लागताच दुपटे काढून बसणारी वृद्धा महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. घरात पांघरुणे पुरेशी असतानाही ती शिवीत राहते. गरज हेच या कलेचे एकमेव कारण मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावयास हवा. काटकसरीतून सुरू झालेले काम येथे आवड होऊन बसते. दिलेल्या गोधडीत देणारीची ऊब आहे, असे जे म्हटले जाते त्याचा उगम या आवडीत आहे.

४. कर्तृनामाचा अभाव

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शिवणे या धातूपासून शिवणारी हे रूप होते. परंतु ते धातुसाधित आहे. ते त्या वेळेपुरती क्रिया करणारीला लागू पडते, व्यवसायाचा बोध करून देत नाही. ‘गोधड्या शिवणारी’ असे म्हणता येते, तसेच ‘भाकरी थापणारी’ असेही म्हणता येते. दोन्हींच्या मागे व्यवसाय उभा नाही. शिवणकाम, भरतकाम, विणकाम असे सामासिक शब्द रूढ झाले आणि त्या नावांनी ती कामे मुलींच्या शाळांतूनही शिकविली गेली. ‘गोधडीकाम’ असा शब्द मात्र भाषेत रुजला नाही.

याचे कारण असे दिसते की कर्तृनाम निर्माण होते ते श्रमविभागणीतून. जे काम काही जण करतात आणि इतर ते त्यांच्याकडून करवून घेतात, त्या कामाला करणाऱ्याचे नाव मिळते. जे काम प्रत्येक घरात, प्रत्येक जातीत आणि घरच्याच स्त्रीने करावयाचे, तेथे तिला त्या कामावरून वेगळे ओळखण्याचे प्रयोजनच नसते. शहरात किंवा गावात मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही आहेत. पण त्यांनाही भाषेने नाम न देता धातुसाधितावरच भागविले आहे.

या अभावाचे परिणाम दूरगामी आहेत. जेथे समाजाची व उद्योगांची नोंद जातवार आणि धंदेवार होते, तेथे नाव नसलेल्या कारागिराला रकाना मिळत नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) किंवा दाते–कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–१९३८) वस्तूंची नावे शोधता येतील, परंतु डाव्या तळव्याने कापड चापण्याच्या क्रियेला एखाद्या गावात काय म्हणतात, हे अशा कोशांतून हाती लागण्याची अपेक्षा करता येत नाही. कोश नामांकडे झुकतो आणि हे ज्ञान क्रियापदांत साठलेले असते.

५. तीन तुलना

इतर समाजांत अशा निनावी कामाला नाव मिळण्याचे प्रसंग आले आहेत. त्यांतील तिहींचा येथे विचार करू.

पहिले उदाहरण महाराष्ट्र व गोव्याच्या शेजारचे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून भारतात आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गोव्यातील दास्यातून निसटून या अरण्यात आले. या समाजात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि त्यांची बोली कोकणीच्या वळणाची असून तीत मराठी व कन्नड यांचे मिश्रण आहे. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. उत्तर कर्नाटकातील कौदी हा शब्द त्याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. कवंदीचे काम काठापासून सुरू होऊन आत आत मध्याकडे जाते. तुकडे आधी जोडून मग दोरा घालण्याची रीत नाही. तुकडा ठेवणे आणि तो सर्व थरांतून शिवणे ही एकच क्रिया असते. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले लहान त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि त्यांच्यावाचून कवंदी उघडी, अपुरी मानली जाते. कवंदीच्या या पारिभाषिक शब्दात मराठी–कोकणीतील फूल ओळखू येते. २००४ मध्ये अमेरिकी कलाभ्यासक हेन्री ड्रूअल यांच्या साहाय्याने या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली आणि कवंदी घराबाहेर विक्रीस गेली.

दुसरे उदाहरण बंगालचे. तेथे काँथेचे प्रकार उपयोगावरून ओळखले जातात: थंडीत पांघरण्याचा लेप, समारंभात अंथरण्याची सुजनी, आरसा-फणी गुंडाळण्याची आरशीलता. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी खेड्यापाड्यांतून काँथा जमविल्या; त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथे आहे. जसीमुद्दीन यांचे ‘नक्शी काँथार माठ’ हे काव्य १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्ये काँथेवर स्वतंत्र निबंध लिहिला. संग्राहक, कवी आणि कलेतिहासकार अशा तिघांच्या लक्षामुळे काँथेला प्रतिष्ठा लाभली. गोधडीच्या वाट्याला असा त्रिवेणी योग आलेला नाही.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे. इंग्रजीत एकत्र बसून गोधडी शिवण्याच्या मेळाव्यालाच ‘क्विल्टिंग बी’ असे नाव आहे. म्हणजे तेथे भाषेने कर्त्रीबरोबर सहवासालाही नाव दिले. अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीत कापसाच्या मळ्यांवरील गुलामांचे वंशज राहतात. त्यांच्या स्त्रिया जुन्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ साली, त्या परिसरात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. २००२ मध्ये ह्यूस्टन व त्यानंतर न्यू यॉर्क येथील कलासंग्रहालयांत या गोधड्या मांडल्या गेल्या, त्या प्रत्येकीच्या नावानिशी. नाव मिळाल्याबरोबर मालकीचा प्रश्नही आला. २००७ मध्ये काही जणींनी मोबदला व हक्क यांसाठी न्यायालयात दावे लावले. पुढे ते मिटले. जोवर काम निनावी होते तोवर असा दावा संभवतच नव्हता, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

६. आजची स्थिती

महाराष्ट्रात या हस्तकौशल्याचा पाया दोन बाजूंनी ढासळत आहे. एक बाजू साहित्याची. नऊवारी सुती लुगड्याची जागा पाचवारी साडीने आणि सुताची जागा कृत्रिम धाग्याने बऱ्याच अंशी घेतली आहे. कृत्रिम कापड धुण्याने मऊ होत नाही, घाम शोषीत नाही, आणि थर एकमेकांवरून घसरत असल्याने धावदोऱ्याने ते एकजीव करणे कठीण जाते. दुसरी बाजू सहवासाची. ओसरी व अंगण आक्रसले, कुटुंबे विभागली, दुपार मोकळी राहिली नाही. चौघी एका कापडाभोवती बसण्याचा प्रसंगच दुर्मिळ झाला.

याच काळात गोधडीला बाजारही मिळाला आहे. शहरांतून हाताने शिवलेल्या गोधड्या विकल्या जातात, त्यांचे वर्ग चालतात, आणि ‘क्विल्टर’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात कर्तृनामाची रिकामी जागा भरू लागला आहे. हे बदल अनिष्ट मानण्याचे कारण नाही. वर्गात अनोळखी स्त्रिया एकत्र येऊन शिकतात, तेव्हा ओसरीवरील सहवासाचाच एक नवा प्रकार अस्तित्वात येतो. तथापि वर्गात शिकविले जाते ते शब्दांत मांडता येण्याजोगे ज्ञान. शब्दांत न आलेले ज्ञान त्या वर्गापर्यंत पोहोचेल की नाही, हे ते देणाऱ्या वृद्ध स्त्रिया तेथे असतील की नाहीत यावर अवलंबून राहील.

भाषेच्या अभ्यासकांचे कर्तव्य येथे स्पष्ट होते. गोधडीविषयी केवळ नामांची यादी गोळा करणे पुरेसे नाही. काम चालू असताना जवळ बसून क्रियापदे टिपली पाहिजेत: कापड कसे निवडतात, ताणतात, चापतात, दुमडतात, आवळतात, चुकलेल्या ओळीला काय म्हणतात, जुळलेल्या कोपऱ्याला काय म्हणतात. विचारल्यावर जे शब्द आठवत नाहीत ते हात चालू असताना सहज तोंडी येतात, असा क्षेत्रीय पाहणीचा सामान्य अनुभव आहे. त्याचबरोबर, संमती असेल तेथे, प्रत्येक नोंदीपुढे सांगणारीचे व शिवणारीचे नाव लिहिले पाहिजे. भाषेने जे कर्तृनाम दिले नाही ते कोशकाराला एकट्याने निर्माण करता येणार नाही. परंतु गोधडी कोणी शिवली हे नोंदवून ठेवणे त्याच्या हाती आहे. ज्या पिढीच्या हातांत हे ज्ञान पुरतेपणी आहे ती आता वृद्ध झाली आहे. यास्तव हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.